वाटेतला ओंडका

धाकटी झाडांची चित्रं काढायची आणि तिच्या वडिलांची लाकडाची वखार होती. ओळख करून देताना तिचा थोरला भाऊ पाहुण्यांना हटकून सांगायचा, "आमच्याकडे सगळेच झाडं काढतात. मी मुळापासून काढतो, ही कागदावर काढते." पाहुणे हसायचे. धाकटीही हसायची, कारण दादा तो विनोद दर वेळी आत्ताच सुचल्यासारखा करायचा.

चाळिशी उलटली, शहरात नाव झालं, वर्तमानपत्रात फोटो आला, तरी घरात ती धाकटीच राहिली. तिची चित्रं म्हणजे बहुतेक सगळी खोडं. फांद्या कमी, आभाळ जवळजवळ नाहीच. साल, सालीतल्या भेगा, भेगांत अडकून राहिलेला ओलावा, बुंध्याशी चढलेलं शेवाळ. तिच्या चित्रासमोर उभं राहिलं की नाकाला साल लागेल असं वाटतं, असं लोक म्हणायचे. त्यात फार मोठं काही नव्हतं. लहानपणी तिने झाडं पाहिली ती वखारीत, आडवी पडलेली, अगदी तितक्याच जवळून. उभं झाड तिने नीट बघितलं ते बऱ्याच उशिरा, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं होतं की हे इतकं वर कशाला गेलंय.

दादाचा जीव वखारीतच गेला. सकाळी डोंगराकडून ट्रक आला होता, तीन मोठे ओंडके घेऊन. ड्रायव्हर एका बाजूने साखळी सैल करत होता. दुसऱ्या बाजूला, जिथे ओंडके उतरतात तिथे, कुणीतरी हातगाडी लावून ठेवली होती. ती चिरडेल म्हणून दादा ती हलवायला गेला. एरवी त्या बाजूला कुणी फिरकलं तरी दादा अख्ख्या वखारीला ऐकू जाईल असा ओरडायचा. साखळी सुटली, पाचर निसटली आणि वरचा ओंडका खाली आला. चौकशी झाली, साखळी तपासली, ट्रक तपासला. कुणाचीच चूक निघाली नाही. हातगाडी शाबूत राहिली.

फोन आला तेव्हा धाकटी शहरातल्या तिच्या खोलीत काम करत होती. ती संध्याकाळपर्यंत घरी पोहोचली. पुढचे दिवस माणसांचे गेले. कोण आलं, कोण गेलं, कुणी काय आणलं, कुणी किती वेळ हात धरून ठेवला. वहिनी पहिले दोन दिवस खूप रडली आणि मग नळ बंद करावा तशी थांबली. धाकटीला रडूच आलं नाही. शिंक येणार येणार म्हणून तोंड वर करून थांबावं आणि ती येऊच नये, तसं तिचं होत होतं. मावशीने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की बाई, रडून घे, असं आतल्या आत ठेवू नये. धाकटीने मान डोलावली. आत काय ठेवलंय ते तिने जरा चाचपून बघितलं. तिला काही सापडलं नाही.

माणसं पांगली. घरात तिघं उरली. बाबा, वहिनी आणि ती.

बाबांनी वखार दादाच्या हाती सोपवल्याला बरीच वर्षं झाली होती. गुडघे गेले होते, पण रोज सकाळी ते जिना उतरून ऑफिसच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि आलेल्या प्रत्येक ओंडक्यावर मत द्यायचे, मग कुणी विचारलेलं असो वा नसो. आता ते खाली उतरेनात. जेवायला हाक मारली की यायचे. बोलायचे तेही न्हाणीघरातला नळ गळतोय, दाराची कडी सैल झालीय, एवढंच. दादाचा विषय त्यांनी काढला नाही आणि त्यांच्यासमोर इतरांनीही काढला नाही. स्वयंपाकघराची खिडकी वखारीच्या अंगणात उघडायची. वहिनीने तिचा पडदा ओढून घेतला होता आणि दिवसाढवळ्या दिवा लावून ती स्वयंपाक करायची.

एक दिवस फोरमन जिन्याच्या तळाशी येऊन उभा राहिला. हा माणूस धाकटीच्या लहानपणापासून वखारीत होता. ती फ्रॉकमध्ये असताना तो तिला "ए धाकटे" म्हणायचा, पुढे कधीतरी "ताई" आणि "तुम्ही" म्हणायला लागला. त्याने खाली मान घालून सांगितलं, की दारांच्या चौकटींची ऑर्डर आधीच घेतलेली आहे, गिऱ्हाईक चांगलं आहे, काही बोलत नाहीये, पण त्याचं घर अडलंय. काय करायचं ते कुणीतरी सांगायला हवं. बाबा त्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. वहिनी ऐकून आत गेली. मग धाकटीने चपला घातल्या आणि ती खाली उतरली.

चार दिवस थांबते, असं म्हणून ती थांबली आणि राहिलीच. फोन घ्यायचे, माल पाठवायचा, पाती धार लावायला द्यायची, कामगारांच्या सुट्ट्या सांभाळायच्या. यातलं तिला थोडं येत होतं, बाकीचं फोरमन सांगायचा. करवत सुरू झाली की सगळी वखार त्या आवाजाने भरून जायची. कानात कापसाचे बोळे घातले तरी तो हाडांतून यायचा. धाकटीला तो बरा वाटायचा. त्या आवाजात माणसाला काही वाटलं नाही तरी चालतं. करवत बंद पडली की मात्र ती काहीतरी काम शोधायला उठायची. संध्याकाळी घरी जाऊन केस विंचरले की भुसा पडायचा. ती तो ओंजळीत गोळा करायची, खिडकीतून बाहेर टाकायची आणि झोपायची. झोप चांगली लागायची, याचंही तिला नवल वाटत होतं.

तो ओंडका जिथे पडला होता तिथेच होता. त्याच्यासोबत आलेले दोन कापून, विकून झाले होते. हा अंगणाच्या मधोमध, पाण्याच्या टाकीच्या थोडा अलीकडे आडवा पडला होता, करवतीकडे जायच्या नेमक्या वाटेत. हलवा असंही कुणी म्हटलं नव्हतं आणि हलवू नका असंही नाही. कामगार त्याला वळसा घालून जायचे. फळ्या खांद्यावर घेतलेली माणसंसुद्धा लांबून जायची. जमिनीवरच्या भुशात त्या वळशाची पायवाट पडली होती. नवीन आलेला एक कामगार जेवणाच्या सुट्टीत त्याच्यावर टेकला, तर दुसऱ्याने त्याला काही न बोलता दंडाला धरून उठवलं.

धाकटीही वळसा घालूनच जायची. पण ती लाकूडवाल्याची मुलगी होती, त्यामुळे ओंडक्याची टोकं तडकायला लागली आहेत हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. कापलेलं झाड उन्हात उघडं पडलं की आधी टोकांकडून वाळतं. मधोमध बारीक भेग पडते, मग ती आत आत जाते आणि चांगलं लाकूड वाया जातं. म्हणून ओंडका आला की त्याची दोन्ही टोकं रंगाने लिंपून घेतात. कुठलाही उरलासुरला रंग चालतो. या ओंडक्याचं ते राहून गेलं होतं.

एका दुपारी ती सामानाच्या खोलीत गेली, तिथून तिने कुणाच्यातरी फाटकाचा उरलेला हिरवा रंग काढला, काठीने ढवळला आणि रुंद ब्रश घेऊन ओंडक्याच्या टोकाशी उकिडवी बसली. दादा गेल्यानंतर तिने ब्रश हातात धरला तो आज पहिल्यांदा. आपल्याला काही होईल का, म्हणून ती क्षणभर थांबली. काही झालं नाही. तिने मधल्या गाभ्यापासून सुरुवात केली आणि वर्तुळांवरून फिरत फिरत सालीपर्यंत आली. लाकडाने रंग पटापट पिऊन टाकला. ती दुसरा हात देत होती तेव्हा करवतीचा आवाज थांबला. बहुतेक सगळे बघत असावेत. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने फोरमन आला, त्याने रंगाचा दुसरा डबा तिच्याजवळ ठेवला, झाकण उघडून दिलं आणि तो परत गेला. करवत पुन्हा सुरू झाली.

त्याच आठवड्यात शहरातून गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला. धाकटीची चित्रं विकणाऱ्या या बाई मनाने चांगल्या होत्या, पण बोलताना त्यांना गप्प बसण्याची भीती वाटायची. त्यांनी तब्येत विचारली, बाबांची विचारली, आणि मग हळूच तिच्या ठरलेल्या प्रदर्शनाकडे वळल्या. घाई अजिबात नाही, त्या म्हणाल्या. पण जे झालं त्याबद्दल त्या सारखा विचार करत होत्या. जिने आयुष्यभर झाडंच रंगवली तिच्या भावाचा जीव एका झाडाने घ्यावा, यात किती काय आहे. तिने ते रंगवलं तर लोकांना फार भिडेल. आणि तिचंही मन मोकळं होईल.

बघते, असं म्हणून धाकटीने फोन ठेवला. राग यायला हवा होता हे तिच्या लक्षात आलं. फोनशी उभी राहून तिने त्याची थोडी वाट पाहिली. मग एक गिऱ्हाईक आलं आणि ती त्याला फळ्या दाखवायला गेली.

तरी दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तिने ऑफिसातलं स्टूल अंगणात नेलं. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, हातात कोळशाची कांडी. ओंडक्यासमोर बसून ती त्याचं चित्र काढू लागली. हात सवयीने चालला. साल कुठे सोलली गेलीय, साखळी कुठे रुतली होती, फांदी तोडल्याचा गोल व्रण कुठे आहे, सगळं जिथल्या तिथे उतरलं. चित्र छान झालं. ते ओंडक्याचं चित्र होतं. त्यात झाडाने जीव घेतलेला नव्हता आणि भाऊही नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली, मग कागदाची गुंडाळी करून वर गेली आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून हात धुवायला गेली.

परत आली तेव्हा वहिनीने गुंडाळी उलगडली होती आणि चारी कोपऱ्यांवर कप आणि डबे ठेवून ती बघत होती.

"हा तोच का?" वहिनीने विचारलं.

"हो."

वहिनी आणखी थोडी वाकली. "मला वाटलं होतं खूप मोठा असेल," ती म्हणाली.

त्या दिवशी गर्दीत तिला ओंडका दिसलाच नव्हता, आणि त्यानंतर ती अंगणात गेली नव्हती. पडद्याआड तिने मनात काय रचलं होतं कोण जाणे. तिने कप उचलले, कागद आपोआप गुंडाळला गेला, आणि ती जेवणाची तयारी करू लागली. आमटी ढवळताना, पाठमोरी, ती म्हणाली की तो जाळून टाकायला हवा. ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. जुनी गादी टाकून द्यायला हवी असं म्हणावं, तसं.

जेवताना तोच विषय निघाला, कारण धाकटीने एक बातमी सांगितली. एक व्यापारी आला होता. त्याला तो ओंडका न कापता, आहे तसा हवा होता. त्याला काही माहीत नव्हतं.

"देऊन टाक," बाबा ताटातून नजर न उचलता म्हणाले.

"नाही द्यायचा," वहिनी म्हणाली. "इथून तो कुणाच्या घरी जायला नको. जाळा."

"चांगलं लाकूड जाळत नसतात."

"मग काय त्याचं सामान करून घरात मांडायचं? मी त्याच्यावर बसून चहा पिऊ?"

या घरात सासऱ्यांना असं उलट कुणी बोललं नव्हतं. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. ते म्हणाले, की लाकडाने काय केलंय. ते पडलं. पडणार नाही तर काय करणार, लाकूडच ते. वहिनी म्हणाली की तिला माहीत आहे, तिला शहाणपण नको आहे, तिला तो ओंडका तिथे नको आहे. आवाज कुणाचाच चढला नाही. पण कितीतरी दिवसांनी त्या टेबलावर माणसं एकमेकांशी बोलत होती, आणि धाकटी घास हातात धरून आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

"आपण कापू या," ती म्हणाली. "कापून फळ्या करू. मग कुठला कुठला हे कुणाला कळणार नाही. वहिनी, तुलासुद्धा नाही."

वहिनीने बाबांच्या ताटात आणखी भात वाढला. बाबांनी तो कालवला. धाकटीने हाच होकार समजायचं ठरवलं.

सकाळी तिने फोरमनला सांगितलं. फोरमनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. माणसांना सांगून बघतो म्हणाला. गेला, बोलला आणि परत आला. माणसं ओंडका पहारींनी ढकलत करवतीच्या गाड्यापर्यंत आणायला तयार होती. करवतीवर उभं राहायला कुणी तयार नव्हतं.

"आणि तुम्ही?"

"ताई, दादाला मी उचललाय," फोरमन म्हणाला. "माझा हात चालायचा नाही. रागावू नका."

ती रागावली नाही. तिला स्वतःला करवत चालवता येत नव्हती. दुसऱ्या वखारीतून माणूस आणावा का, असा ती विचार करत होती, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थोडं थांबणं. बाबा उतरत होते. त्यांनी जुना खाकी कोट घातला होता, जो वहिनीने कधीच पोतेऱ्यांत टाकला असेल असं धाकटीला वाटत होतं. वरून त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते सरळ करवतीपाशी गेले, पात्याचा ताण बोटाने तपासला, पट्टा बघितला आणि ओंडका आणायची खूण केली.

माणसांनी पहारी लावल्या. ओंडका पहिल्यांदा हलला तेव्हा त्याच्याखालच्या ओलसर मातीतून किडे पळाले. तो लोळत लोळत रुळांवरच्या गाड्यावर चढला, आकड्यांनी पकडला गेला. बाबा गाडा चालवायच्या दांड्याशी उभे राहिले. पलीकडच्या बाजूला, जिथे कापलेली फळी येते, तिथे एक माणूस लागतो. धाकटीने हातमोजे चढवले आणि ती तिथे उभी राहिली.

गाडा पुढे सरकला. पातं सालीला लागलं तसा आवाज बदलला, जाड झाला. आधी सालीसकटचा पाठीचा काप निघाला, तो बाजूला पडला. गाडा मागे आला, पुन्हा पुढे गेला. पहिली खरी फळी करवतीतून तिच्याकडे येऊ लागली. लालसर, ओली, वासाने नाक झोंबेल अशी. धाकटीने टोक धरलं आणि ती मागे मागे सरकत गेली. आत काहीतरी असेल असं तिला वाटत होतं का, हे तिलाही सांगता आलं नसतं. आत लाकूड होतं. सरळ रेषांचं, एका कडेला एकच गाठ असलेलं.

बाबांनी करवत थांबवली. ते चालत फळीपाशी आले आणि आयुष्यभर करत आले तसा त्यांनी फळीच्या अंगावरून अंगठा फिरवला.

"चांगलं निघालं," ते म्हणाले.

हे ते नेहमीच म्हणायचे. दादाला उद्देशून म्हणायचे, कारण दादा पलीकडे उभा असायचा. शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांनी मान वर करून पलीकडे पाहिलं आणि तिथे धाकटी होती. त्यांचा चेहरा आधी नुसता गोंधळल्यासारखा झाला. मग ते भुशाच्या ढिगावर बसले, गुडघे नीट वाकत नाहीत तरी बसले, आणि रडू लागले. तोंड उघडून, लहान मूल रडतं तसे.

धाकटीला त्यांच्याकडे जायचं होतं. पण फळीचं टोक तिच्या हातांत होतं. फळी ओली आणि जड होती, सोडली असती तर बाबांच्या पायावर आली असती. ती तशीच फळी धरून उभी राहिली आणि वडिलांना रडताना बघत राहिली. शेवटी फोरमन धावत आला आणि त्याने फळी तिच्या हातांतून घेतली. तोवर वहिनी जिना उतरून आली होती. करवत अशी मध्येच थांबली की काहीतरी झालं, हे आता तिला माहीत होतं. तिने अंगण ओलांडलं, जिथे ओंडका होता त्या जागेवरूनच ओलांडलं, आणि सासऱ्यांच्या शेजारी भुशात बसली. तिने त्यांना जवळ वगैरे घेतलं नाही. नुसती बसली.

उरलेला ओंडका फोरमनने कापला. त्याला कुणी सांगितलं नाही. बाबांना वर नेल्यावर तो दांड्याशी जाऊन उभा राहिला आणि त्याचा हात चालला.

संध्याकाळी फळ्या रचायचं काम राहिलं होतं. ओल्या फळ्या एकावर एक रचताना मध्ये बारीक पट्ट्या घालतात, म्हणजे वारा खेळतो आणि फळ्या वाकत नाहीत. माणसं गेली होती. वहिनी म्हणाली, मी लावते हात. दोघी दोन टोकांना उभ्या राहून फळ्या उचलू लागल्या. फळी, पट्ट्या, फळी, पट्ट्या. बऱ्याच वेळाने धाकटीने तिला एक गोष्ट सांगितली, जी तिने कुणालाही सांगितली नव्हती.

"फोन आला ना, तेव्हा मी नव्या कॅनव्हासला पांढरा हात देत होते. अर्धा झाला होता. फोन ठेवला आणि मी उरलेला अर्धा पूर्ण केला. वाळला असता तर डाग राहिला असता म्हणून. मग ब्रश साबणाने धुतला. मग निघाले."

वहिनीने पट्टी सरळ केली. "मी धुणं वाळत घालत होते," ती म्हणाली. "खालून सगळे ओरडत होते. काय झालंय ते मला कळलं होतं गं, आवाजावरूनच कळलं होतं. बादलीत त्याचे दोन शर्ट राहिले होते. ते मी झटकले, दोरीवर घातले, चिमटे लावले. मग खाली गेले."

"का?"

"काय माहीत. खाली गेले की खरं झालं असतं ना ते."

त्या पुढची फळी उचलायला वाकल्या. धाकटीला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. हातमोज्यांतून फळीचा गारवा मात्र बोटांना लागत होता, आणि वहिनी पलीकडचं टोक उचलताना "हं" म्हणायची, ते ऐकून तीही आपलं टोक उचलत होती.

पुढे सगळं हळूहळू मार्गी लागलं. वहिनीने स्वयंपाकघराचा पडदा काढून धुवायला टाकला, आणि ती आधी दुपारी, मग सकाळपासून ऑफिसात बसू लागली. फोनवर ती दादापेक्षा कडक निघाली. एका गिऱ्हाइकाने फोरमनला विचारलं, की बाई नेहमी अशाच बोलतात का. फोरमन म्हणाला, नाही, आज मूड चांगला आहे. बाबा खिडकीतल्या खुर्चीत परतले. फळ्या वाळल्या आणि इतर मालात मिसळून विकल्या गेल्या. कुणाचा जिना झाला, कुणाचं कपाट, ते विचारायला कुणी गेलं नाही.

नवीन माल बघायला जंगलात जायची वेळ आली तेव्हा वहिनी म्हणाली, मला शिकायला हवं, पण मी एकटी येणार नाही. तिघं गेली, फोरमन, वहिनी आणि धाकटी. फोरमन खोडावर थाप मारून दाखवायचा, साल पिळवटलेली असली तर आतलं लाकूडही पिळवटलेलं निघतं म्हणून सांगायचा. वहिनी गंभीरपणे थापा मारत फिरत होती. एका उंच, नितळ झाडापाशी ती थांबली आणि तिने हाक मारली, "अगं, हे घ्यायचं का? तू सांग. तू आयुष्यभर हेच बघितलंयस."

धाकटीने झाडाकडे पाहिलं. एवढी झाडं रंगवली, पण घ्यायचं की नाही हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिने बुंध्यापासून वर नजर नेली, बरीच वर. "सरळ आहे," ती म्हणाली. "घे. फक्त मला थोडा वेळ दे."

ती खाली बसली आणि झाड तोडायला माणसं यायच्या आत तिने ते कागदावर उतरवलं. घाईत काढल्यामुळे साल तिला हवी तशी जमली नाही. पण तिने कागद फाडला नाही.

ती शहरात परतली. महिन्यातून एकदा वखारीत यायची, वहिनी बोलवायची म्हणून. प्रदर्शन ठरल्यापेक्षा खूप उशिरा झालं. ओंडक्याचं कोळशाचं चित्र तिने त्यात ठेवलं नाही, आणि चित्रांसोबत भावाबद्दल काही लिहायलाही नकार दिला. गॅलरीवाल्या बाई थोड्या हिरमुसल्या, पण ऐकलं त्यांनी. भिंतीवर मधोमध जंगलातलं ते झाड होतं, मोठं करून रंगवलेलं. एका प्रेक्षक बाईंनी विचारलं, हे झाड कुठे आहे, बघायला जाता येईल का.

"विकलं," धाकटी म्हणाली. "आता ते कुणाची तरी दारं असेल."

बाई हसावं की नाही या विचारात जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मग पुढच्या चित्राकडे गेल्या.

बाबा आले होते. पॉलिश केलेले बूट, बंद गळ्याचा कोट. त्यांना खुर्ची दिली तर त्यांनी ती झाडाच्या चित्रासमोर ओढून घेतली आणि खूप वेळ बसून राहिले. लोक त्यांच्या बाजूने जात-येत होते. गॅलरीवाल्या बाईंना त्यांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, की या झाडाच्या फळ्या बऱ्या निघाल्या होत्या, बुंध्याकडून जरा कमी, पण वरून बऱ्या. बाईंनी ते मनापासून ऐकून घेतलं.

गर्दी ओसरल्यावर धाकटी येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. चित्राबद्दल ते काही बोलतील असं तिला वाटलं. त्यांनी विचारलं, "सकाळपासून उभी आहेस. भूक नाही लागली?"

तिने विचार केला. बाहेर रस्त्यावर वहिनी गाडी लावायला जागा शोधत होती, तिचा हॉर्न ऐकू येत होता.

"लागलीये," ती म्हणाली, आणि त्यांना उठायला हात दिला.